सेल संपला म्हणून टॉर्च फेकत नव्हतो

(गणेशोत्सवात मंडळाच्या मंडपात, सायंआरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी भाषण ठेवलं की कुणी उठून जात नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांना चांगलं ठाऊक आहे. या युक्तीचा आम्ही गैरफायदा घेणार नाही. थोडक्यात सांगतो.

बोलतो आहे एक जण, पण बोलणं चौघांचं आहे. खाणीतून निवृत्त झालेले दोन इलेक्ट्रिशियन, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आणि नागपूरला मोबाईल दुरुस्ती शिकून आलेला आपल्याच गल्लीतला एक मुलगा. गेल्या वर्षी याच मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात आम्ही एक टेबल टाकलं होतं. वर पुठ्ठ्याचा फलक होता: ‘बिघडलेला मोबाईल आणा, फेकू नका.’ दहा दिवसांसाठी टाकलेलं टेबल विसर्जनानंतरही उठलं नाही. दर रविवारी सकाळी समाजाच्या व्हरांड्यात ते चालू राहिलं. वर्षभरात जे पाहिलं, जे जमलं आणि जे बिघडवून ठेवलं, त्याचा हा हिशोब आहे. प्रश्न एकच होता. दुरुस्त करता येणारा मोबाईल खरंच जास्त टिकतो का?

सुरुवात टॉर्चपासून करू.

आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी पत्र्याचा एक लांब टॉर्च होता. वडील किंवा आजोबा रात्रपाळीला निघाले की तो खुंटीवरून निघायचा. सेल उतरले की उजेड पिवळा पडायचा. मग सेल उन्हात ठेवायचे आणि दोन दिवस ढकलायचे. अगदीच संपले की बुडाचं झाकण फिरवून नवे टाकायचे. जुना सेल आम्हा पोरांच्या वाट्याला. तो दगडानं फोडायचा, आतली काळी भुकटी अंगभर माखायची आणि मधली कांडी काढून फरशीवर रेघोट्या ओढायच्या. मग घरी मार.

ती काळी भुकटी आपल्याला परकी नव्हती. तिच्यात मँगनीज डायऑक्साइड असतो. १८६६ मध्ये लेक्लांशे नावाच्या फ्रेंच माणसानं ज्या प्रकारचा सेल बनवला, त्यात तो होता आणि आपल्या टॉर्चच्या सेलपर्यंत तो टिकला. आपल्या भागातलं बहुतेक मँगनीज पोलादाकडे जातं, पण सगळं नाही. सीमेपलीकडे भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून सेलच्या धंद्याला लागणारा मँगनीज डायऑक्साइड निघतो, आणि विजेच्या प्रक्रियेनं तो शुद्ध स्वरूपात बनवणारा ‘मॉईल’चा कारखानाही तिथेच आहे. म्हणजे बॅटरी ही वस्तू कुठून येते हे शिकवायला आपल्याला कुणी दूरचा पाहुणा नको.

मुद्दा असा की, सेल संपला म्हणून कुणी टॉर्च फेकला नाही. सेल संपणारी वस्तू आणि टॉर्च राहणारी वस्तू, हे घरातल्या लहान पोरालाही कळत होतं. टॉर्च बनवणाऱ्यालाही कळत होतं, म्हणून त्यानं झाकणाला आटे दिले होते.

आता मोबाईलकडे येऊ. नोकियाचा ११०० आठवतो का? २००३ मध्ये आला. जगभरात पंचवीस कोटींहून जास्त खपला. धुळीत चालावा म्हणून त्याची बटणं एका अखंड रबरी पडद्याखाली होती, आणि वर टॉर्च होता. मागचं झाकण अंगठ्यानं सरकवलं की बॅटरी हातात. तिचं नाव बीएल-५सी. त्या मापाची बॅटरी आजही छोट्या रेडिओंमध्ये सापडते.

याच बॅटरीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियानं जाहीर केलं की एका पुरवठादारानं बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंग करताना जास्त तापू शकतात. आपल्याकडेही लोकांनी झाकणं काढून बॅटरीवरचे लांबलचक क्रमांक तपासले होते. घबराट झाली, पण ज्याची बॅटरी त्या यादीत निघाली त्याला बॅटरी बदलून मिळायची होती. फोन घरीच राहिला. त्यातले नंबर, निरोप, सगळं जागच्या जागी. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या नोट ७ या महागड्या फोनच्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. तिथे बॅटरी आत बंद होती. परत मागवायचे तर अख्खे फोन मागवावे लागले, आणि शेवटी ते मॉडेलच कायमचं बंद झालं. दोष दोन्हीकडे बॅटरीचा. पण एका ठिकाणी बॅटरी गेली आणि दुसऱ्या ठिकाणी फोन.

मग बॅटरी आत चिकटवली का? कंपन्यांची बाजूही ऐकायला हवी. चिकटवल्यामुळे फोन पातळ होतो, तेवढ्याच जागेत मोठी बॅटरी बसते आणि पाणी आत शिरायला फट उरत नाही. पावसाळ्यात शेताच्या बांधावर खिशातला फोन वाचतो तो त्या डिंकामुळेच. हे खोटं नाही. पण दुसरा मार्ग नाही असंही नाही. सॅमसंगचाच एक्सकव्हर ७ हा फोन २०२४ मध्ये भारतात विक्रीला आला. त्याचं मागचं झाकण हातानं निघतं, बॅटरी बदलता येते आणि तरी तो पाण्यात बुडाल्यावर तग धरणारा आहे. थोडा जाड आहे, एवढंच.

आता टेबलावर काय आलं ते सांगतो.

पहिल्याच रविवारी एक काकू आल्या. नाव सांगत नाही, त्या इथेच बसल्या आहेत आणि हे सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे. त्यांच्या फोनचं मागचं झाकण फुगून वर आलं होतं. शहरातल्या एका दुकानानं सांगितलं होतं, ‘बोर्ड गेला, नवा घ्या.’ काकूंनी फोन रुमालात बांधून आणला होता. आमच्यातल्या पोराला म्हणाल्या, ‘पोरा, चालू नाही झाला तरी चालेल. पण याच्यात यांचा आवाज आहे.’

काका जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शेवटच्या आजारपणात त्यांनी म्हटलेली आरती काकूंनी फोनवर भरून ठेवली होती. दुसरीकडे कुठेही तिची प्रत नव्हती.

बोर्ड ठणठणीत होता. गेली होती फक्त बॅटरी. फुगलेली बॅटरी काढणं हे जोखमीचं काम. ती टोचली गेली तर पेटते, म्हणून वाळूची बादली शेजारी ठेवून, डिंक हळूहळू सोडवत, दीड तास लागला. नवी बॅटरी मागवून बसवली. फोन सुरू झाल्यावर आम्ही सगळ्यात आधी तो आवाज तीन ठिकाणी उतरवून घेतला. मग काकूंना ऐकवला. पुढचं काही सांगत नाही.

इथे गोष्ट संपवली असती तर आमचीच वाहवा झाली असती. पण ती इथे संपली नाही. सात-आठ महिन्यांनी काकू पुन्हा आल्या. फोन उत्तम चालत होता, बॅटरी दिवसभर पुरत होती, पण पैसे पाठवायचं ॲप उघडेना. आमची नवी आवृत्ती या जुन्या प्रणालीवर चालणार नाही, असा निरोप पडद्यावर येत होता. फोन बनवणाऱ्यांनी त्या मॉडेलला सुधारणा देणं केव्हाच थांबवलं होतं. आमच्या पेचकसाला तिथे काही करता येत नव्हतं. काकूंना नवा फोन घ्यावा लागला. जुना आता देवघराशेजारी असतो आणि सकाळी आरतीपुरता लागतो.

त्या दिवशी आमच्या ध्यानात आलं की आपण अर्धाच विचार करत होतो. टॉर्चला फक्त सेल लागतो. फोनला बॅटरी लागते, सुटे भाग लागतात आणि कंपनीकडून वेळोवेळी येणाऱ्या सुधारणा लागतात. यातलं एक थांबलं की बाकीचं धडधाकट असूनही फोन म्हातारा होतो.

दुसरी गोष्ट आमच्या चुकीची. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाचा फोन बॅटरी बदलायला आला. त्या मॉडेलमध्ये बॅटरीपर्यंत पोहोचायला पुढची काच काढावी लागते. गरम हवा देऊन पातळ पट्टी आत सरकवली. काच तडकली आणि खालची केबलही कापली गेली. आम्ही आमच्या खर्चानं नवी स्क्रीन आणली. मूळ स्क्रीनची किंमत फोनच्या आजच्या किमतीच्या जवळ जात होती, म्हणून स्वस्तातली आणली. ती महिनाभरात थरथरायला लागली. परीक्षेचा अर्ज भरायचे दिवस होते. शेवटी वडिलांनी हप्त्यावर नवा फोन घेऊन दिला. खाणीत ठेकेदाराकडे काम करणारा माणूस, पगाराच्या दिवशी आधी हप्ता भरतो. आम्हाला ते दर महिन्याला दिसतं.

आमचा हात चुकला, हे कबूल. पण ज्या वस्तूत संपणारा भाग बदलायला टिकणारा भाग फोडण्याची जोखीम घ्यावी लागते, ती वस्तू कागदावर आखली गेली तेव्हाच तिचं आयुष्य ठरलेलं असतं. दुकानदार किंवा आम्ही फार नंतर येतो.

जगात कुणी वेगळं करून पाहिलं आहे का? पाहिलं आहे. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमला फेअरफोन नावाची छोटी कंपनी आहे. २०१३ मध्ये त्यांचा पहिला फोन आला. चार वर्षांत त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि कंपनीला तसं ग्राहकांना सांगावं लागलं. हेतू चांगला असूनही पहिला फोन तिथे अडला. त्यातून ते शिकले. २०१५ चा फेअरफोन २ असा बनवला की स्क्रीन, कॅमेरा, बॅटरी घरच्या घरी सुटे करता यावेत. पण प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीनं त्या चिपला पुढच्या अँड्रॉइडसाठी मदत देणं थांबवलं. तेव्हा फेअरफोनच्या लोकांनी ते काम स्वतः अंगावर घेतलं. अँड्रॉइड ५ वर आलेला तो फोन त्यांनी १० पर्यंत नेला आणि २०२३ पर्यंत त्याला सुधारणा दिल्या. फोनच्या बाबतीत सात वर्षं म्हणजे दीर्घायुष्य. २०२३ च्या फेअरफोन ५ ला त्यांनी पाच वर्षांची हमी आणि २०३१ पर्यंत सुधारणा देण्याचं वचन दिलं आहे.

लगेच कुणी विचारेल, कुठे मिळतो? आपल्याकडच्या दुकानांत मिळत नाही. महागही आहे. तेवढ्या पैशांत जास्त वेगवान फोन येतो. शिवाय सुट्या भागांच्या फोनचे स्वतःचे प्रश्न असतात. जितके जोड जास्त, तितक्या ठिकाणी संपर्क सैल पडण्याची शक्यता जास्त. झाकण निघतं म्हणून पाण्यापासून संरक्षणही थोडं कमी. फेअरफोन ५ पावसाचे शिंतोडे सोसतो, बादलीत पडला तर त्याची हमी नाही. म्हणजे तो अभंग आहे म्हणून टिकतो असं नाही. मोडला तर पुन्हा उभा करता येईल याची तयारी आधीच करून ठेवली आहे, म्हणून टिकतो.

युरोपनं हाच विचार कायद्यात आणला. २० जून २०२५ पासून तिथे विक्रीला येणाऱ्या फोनला अटी आहेत. मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत. पाच वर्षं प्रणालीच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. सामान्य फोन ४५ वेळा पडूनही चालला पाहिजे. खोक्यावर दुरुस्तीची श्रेणी छापलेली असते. या कायद्यात एक पळवाटही आहे, किंवा तिला दुसरी वाट म्हणा. बॅटरी १,००० वेळा चार्ज होऊनही ८० टक्के राहणार असेल आणि फोन पाण्यात तगणारा असेल, तर ग्राहकाला स्वतः बॅटरी बदलता आलीच पाहिजे अशी सक्ती नाही. दणकट बनवा किंवा उघडता येईल असा बनवा, पण दोन्ही टाळू नका, असा त्याचा अर्थ.

आपल्या देशातही हालचाल आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांच्या दुरुस्तीची आणि हमीची माहिती एका जागी मिळते. फोन किती दुरुस्त करता येतो याचा निर्देशांक ठरवण्यासाठी समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिनं अहवाल दिला. बॅटरी, स्क्रीन, मागचं झाकण, कॅमेरा, चार्जिंगची जागा अशा भागांवरून गुण द्यावेत आणि ते ग्राहकाला खरेदीच्या वेळी दिसावेत, अशी ती कल्पना आहे. पंख्यावर जसे तारे दिसतात, तसे फोनवर दुरुस्तीचे गुण दिसले तर आपण दुकानात वेगळे प्रश्न विचारू.

तोवर काय करायचं? वर्षभरात टेबलावर जे वारंवार दिसलं, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

‘चार्ज होत नाही’ म्हणून आलेल्या फोनांपैकी कित्येकांना काहीच झालेलं नव्हतं. चार्जिंगच्या छिद्रात खिशातला कापूस आणि आपल्या गावची धूळ घट्ट बसली होती. फोन बंद करून लाकडी काडीनं हलकेच साफ करा. सुई, टाचणी घालू नका.

बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. मे महिन्यात मोटारसायकलच्या टाकीवर, पत्र्याच्या छपराखाली किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन बॅटरीचं आयुष्य खातो. सेल उन्हात ठेवायची जुनी सवय इथे लागू नाही, उलट आहे. शक्य असेल तेव्हा पूर्ण शंभरपर्यंत नेऊन रात्रभर तारेला टांगून ठेवू नका.

फोन पाण्यात पडला तर तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, फक्त वेळ जातो आणि तेवढ्यात आतले टाके गंजतात. बंद करा, चार्जरला लावू नका आणि लवकर उघडायला द्या. एकदा उघडलेल्या फोनचा डिंक पुन्हा नीट लावला नसेल तर तो आधीसारखा पाणी अडवणार नाही, हेही दुकानदाराला विचारून घ्या.

आणि बॅटरी फुगली की थांबा. चार्ज करू नका, दाबू नका, घरी टोचू नका. जुन्या बॅटऱ्या कचऱ्यात टाकू नका. आमच्याकडे द्या, आम्ही त्या जमवून अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यांकडे पाठवतो.

नवा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे सगळेच विचारतात. त्यासोबत हेही विचारा: सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळतील? बॅटरी आणि स्क्रीन बदलायला किती पैसे लागतील? ते भाग इथे मिळतील की नागपूरला पाठवावा लागेल? बॅटरी बदलायला काच काढावी लागते का? उत्तरं लिहून घ्या. विक्रेत्याला ती माहीत नसली तर तेही एक उत्तरच आहे. गुगल आणि सॅमसंगनं वरच्या किमतीच्या काही फोनांना सात वर्षं सुधारणा जाहीर केल्या आहेत. स्वस्त फोनांना त्याहून बऱ्याच कमी मिळतात. कमाई कमी असलेल्या माणसाला फोन लवकर बदलावा लागतो, हा उलटा न्याय आम्हाला सगळ्यात जास्त बोचला.

शेवटचं बोलतो. १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा बदलल्या, पलीकडचा भंडारा तिकडे गेला आणि आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आपल्या घरांनी बरंच काही जोडून, टाके घालून चालवलं आहे. शाळा इकडची, सोयरीक तिकडची, आणि हा उत्सव दोन्हीकडचा. या मंडळाचा ॲम्प्लिफायरच बघा. किती वेळा उघडला गेला याची गणती नाही. आत्ता आमचा आवाज त्याच्यातूनच येतो आहे. आणि आपल्या गावाला आणखी एक गोष्ट माहीत आहे. जमिनीतून धातू काढायला किती माणसांचा घाम लागतो, ते आपल्या घराघरांत माहीत आहे. फोनच्या बॅटरीतलं कोबाल्ट काँगोतल्या खाणींतून येतं. तिथेही आपल्यासारखीच माणसं आहेत. दोन वर्षांत तो फोन ड्रॉवरमध्ये पडून राहणार असेल, तर त्यांचा घाम वाया गेला.

तेव्हा आमच्या प्रश्नाचं उत्तर असं. होय, दुरुस्त करता येणारा फोन जास्त टिकतो. अट एवढीच की तो उघडता आला पाहिजे, भाग मिळाले पाहिजेत आणि बनवणाऱ्यानं सुधारणा देत राहिलं पाहिजे. पहिलं काही अंशी आमच्या हातात आहे. बाकी दोन मागून घ्यावी लागतील.

टेबल याही वर्षी त्याच कोपऱ्यात आहे. वाळूची बादली आहे, तिला कुणी पाय लावू नका. फोन देण्याआधी त्यातल्या फोटोंची आणि आवाजांची प्रत काढून ठेवा. काढता येत नसेल तर तसं सांगा, आधी तेच काम करू. आणि ज्या मुलाचा फोन आम्ही बिघडवला, तो आता दर रविवारी आमच्यासोबत टेबलावर बसतो. त्याचा हात आमच्यापेक्षा हलका आहे.

प्रसाद तयार आहे.

गणपती बाप्पा मोरया!